उकंडमामांसाठी एक दयाळ

लग्नपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचणारा माणूस देऊळघाटात आजवर जन्माला आलेला नाही. लोक गणपतीला हात जोडतात, तारीख बघतात, जेवण कधी आहे ते बघतात आणि पत्रिका फ्रिजवर टाकून देतात. शालिग्रामच्या घरीही तसंच झालं. लेकीच्या, रुपालीच्या, लग्नाच्या पत्रिका बुलढाण्याहून छापून आल्या, हळद-कुंकू लागून वाटल्या गेल्या, अर्ध्या जिल्ह्यात पोचल्या. आणि मग एका दुपारी सत्यभामाबाईंचा नवा चष्मा आला.

नवा चष्मा आला की माणूस काहीतरी वाचून बघतो. हाताशी पत्रिका होती. सत्यभामाबाईंनी ती गणपतीपासून सुरुवात करून थेट तळापर्यंत वाचली, आणि तळाशी पोचल्यावर अशी किंकाळी फोडली की दारातल्या बाभळीवरचे बगळे उडाले ते म्हणे पैनगंगेच्या पलीकडे जाऊन बसले.

"काहो! इकडे या बरं!"

"काऊन? वांग्याले पानी सोडून राह्यलो," शालिग्राम वावरातून ओरडला.

"वांग्याले राहू द्या. हे वाचा अगुदर."

पत्रिकेच्या तळाशी एक कोपरा असतो. वर दोन चिमण्या काढलेल्या असतात, 'किलबिल' असा मथळा असतो आणि खाली घरातल्या शेंबड्या पोरांची नावं असतात. शालिग्रामनं ओले हात धोतराला पुसून वाचलं. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! चि. गोलू, कु. परी, चि. उकंडराव, चि. पिंट्या.'

"आता हा उकंडराव कोन?" शालिग्रामनं विचारलं. त्याला ठाऊक होतं. थोडा वेळ मिळावा म्हणून विचारलं.

"माहा भाऊ!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "सख्खा मोठा भाऊ माहा! बीबीचा माजी सरपंच! मिशा पाहून कुत्रे भुकत नाही त्याच्यावर, आन् तुमी त्याले परी आन् पिंट्याच्या मधात बसवलं?"

झालं होतं असं. पत्रिकेत मामांचा एक रकाना असतो. त्या रकान्यात सत्यभामाबाईंनीच आपले चुलत, मावस, मानलेले आणि एक नुसताच शेजारी राहणारा असे भाऊ आग्रहानं भरले होते. सख्ख्या भावाचं नाव शेवटी आठवलं. छापखानेवाल्याचा फोन आला तेव्हा शालिग्राम बाजारात होता आणि त्याच्या वांग्यांची बोली चालू होती. "एक नाव जास्त होते, जागा नाही," छापखानेवाला म्हणाला. "जागा असंल तिथं घाल बाप्पा, पन नाव सोडू नको. ते नाव सुटलं तं माहं मरन हाय," शालिग्रामनं सांगितलं. छापखानेवाला सांगितलेलं ऐकणारा निघाला. त्यानं नाव सोडलं नाही. किलबिलीतल्या पोरांच्या नावाआधी 'चि.' होता, म्हणून यांच्याही नावाआधी लावला.

"निवृत्ती गेला होता ना बीबीले पत्रिका घेऊन?" शालिग्रामनं विचारलं. निवृत्ती म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. त्याला बोलावलं.

"गेलो होतो तं," निवृत्ती म्हणाला. "चहा पाजला. पत्रिका घेतली."

"आन् बोलले काय?"

"काहीच बोलले नाही. मुंडी हालवली नुसती."

उकंडराव बोलले नाहीत, हे ऐकायला कुणाच्या कानांना सवय नव्हती. तो माणूस झोपेतसुद्धा दोघातिघांचं बोलत असे, आणि मध्येच थांबला तर मामी घाबरून उठवून बघत. शालिग्रामनं लगेच फोन लावला. बंद. संध्याकाळी लावला, बंद. दुसऱ्या दिवशीही बंदच.

"रुसला," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

उकंडरावांचं रुसणं साधं नव्हतं. मागं एका पुतण्याच्या लग्नात त्यांना फेट्याच्या ऐवजी टोपी दिली गेली, तर ते वऱ्हाडाच्या टेम्पोच्या टपावर जाऊन बसले. त्यांना खाली उतरवेपर्यंत नवरदेव घोड्यावर झोपला, घोडं उभ्या उभ्या झोपलं, आणि भटजींनी मंगलाष्टकं इतक्या वेळा म्हटली की ती बँडवाल्यांना पाठ झाली. अजूनही तो बँड मिरवणुकीत मध्येच 'शुभमंगल सावधान' वाजवतो. खोटं वाटत असेल तर मेहकरकडे जाऊन ऐकून यावं.

खरं म्हणजे रुसणं हा जावयाचा हक्क. जावई रुसतो, सासरवाडी पाया पडते, ही जगाची रीत. पण शालिग्रामला लग्नानंतर एकदासुद्धा सासरी रुसता आलं नव्हतं. त्या घरात रुसायला एकच पाट होता आणि त्यावर कायम उकंडराव बसलेले असत.

"मी सांगून ठेवते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मामाबिगर पोरगी मांडवात कोन आननार? माहा भाऊ आला नाही तं मी बी येत नाही मांडवात. चुलीपाशी बसंन. करा तुमी कन्यादान एकटे, कोन्या पुतळ्याले बाजूले बसवून."

"नवी पत्रिका छापून आनतो त्यायच्यापुरती."

"छापाचं नाव काढू नका माह्यापुढं!"

तेव्हा रुपाली मध्ये पडली. पोरगी बुलढाण्याला कॉलेज शिकलेली, आणि जिचं लग्न तिलाच काय ती घरात शुद्ध होती. "बाबा, हातानं करा ना एक पत्रिका. फक्त मामासाठी. चित्र काढून. तुमी तं इंटरमिजिएट पास हाय."

शालिग्रामची छाती एकदम रुंदावली. शाळेत असताना त्यानं ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. त्या परीक्षेत त्यानं काढलेलं वांगं इतकं हुबेहूब होतं की तपासणाऱ्या मास्तरनं ते कागदासकट घरी नेलं आणि मास्तरणीनं त्याला चिरा देऊन फोडणी घातली, असं तो सांगे. सर्टिफिकेटवर मात्र 'क श्रेणी' होतं. वांगं भाजीत गेल्यामुळे मार्क द्यायला काही उरलं नाही, असा त्याचा खुलासा होता.

"काय काढू? गनपती?"

"गनपती तं सगळ्यायच्या पत्रिकेवर असते. मामाचा गवई काढा."

मामांचा गवई म्हणजे एक पक्षी. बीबीला उकंडरावांच्या अंगणात कडुनिंबाच्या शेंड्यावर तो सकाळी गात बसे. उकंडराव त्याच्याबद्दल जे सांगत ते सगळं खरं धरलं तर तो पक्षी गायला लागल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नव्हती, एसटीचा ड्रायव्हर गाडी बंद करून ऐकत होता, आणि गावात आलेल्या एका कीर्तनकारानं त्याचा आलाप ऐकून आपली वीणा गुंडाळून ठेवली होती. रुपालीनं मोबाइलवर शोधून फोटो काढला. "हा पाहा. दयाळ म्हनते याले. पाठ काळी, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, आन् शेपटी अशी वर."

शालिग्राम बुलढाण्याला जाऊन जाड कागद, रंगाच्या वड्यांची पेटी आणि दोन ब्रश घेऊन आला. कागद मधोमध दुमडून पत्रिका केली. ओसरीत पाट मांडला, पाण्याची वाटी ठेवली, आणि घरातल्या सगळ्यांना हलू नका म्हणून दम दिला.

पाण्याच्या रंगाचा कायदा उलटा असतो. त्यात पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरा कागद वाचवायचा असतो. एकदा काळं लागलं की देवाच्या बापालाही ते पुसता येत नाही. म्हणून आधी फिकट, मग गडद, आणि पांढऱ्याला लांबून नमस्कार. शालिग्रामला हे सगळं आठवत होतं. त्याला आठवत नव्हतं ते एवढंच, की परीक्षा त्यानं थंडीत दिली होती आणि हा वैशाख होता.

त्या वर्षी ऊन असं होतं की रंग ब्रशवरून कागदावर पोचायच्या आत वाळत होता. पाठीला फिकट निळा हात मारावा, तो शेपटीकडे ओढावा, तर मध्येच त्याचा तुकडा पडे आणि कडा कडक होऊन बसे. पहिला दयाळ असा झाला की जणू कुणी त्याला ठिगळं लावून शिवलाय.

"बाबा, कूलरसमोर बसा," रुपाली म्हणाली.

कूलरसमोर बसला. दुसऱ्या दयाळाची पाठ सुरेख वाहिली. निळ्यात तपकिरी मिसळून त्यानं असा काळा रंग तयार केला की तो उन्हात जांभळा दिसावा. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो ब्रश धुवायला वळला, तेवढ्यात कूलरनं एक मोठा श्वास घेतला आणि कागदावर तुषार सोडले. दयाळाला देवी आल्या.

तिसऱ्या वेळी मात्र साधलं. कूलरच्या तोंडावर गोणपाट टाकलं, निवृत्तीला पुठ्ठ्यानं वारा घालायला बसवलं, आणि शालिग्रामनं श्वास रोखून पक्षी उतरवला. पंखावरचा पांढरा पट्टा त्यानं जिवापाड वाचवला. डोळ्यात टाचणीएवढी चकाकी सोडली. चोच किंचित उघडी, गळा फुगलेला, शेपटी वर. दूर धरून बघितलं, जवळ आणून बघितलं. एवढं चांगलं आपल्या हातून काही झालं असेल असं त्याला वांग्यानंतर पहिल्यांदाच वाटलं. अर्थात त्यात रुपालीचाही वाटा होता.

सत्यभामाबाई पाहायला आल्या. चष्मा नाकावर होताच.

"कावळा काऊन काढला?"

"अवं, दयाळ हाय तो!"

"दयाळ असो का मायाळ असो, काळा हाय ना? माह्या भावाले लग्नाच्या नावानं कावळा धाडता? पिंडाले शिवाले बोलावलं अशानं वाटंल त्याले!"

"कावळ्याची शेपटी अशी असते काय? कावळ्याले पांढरं पोट असते काय?"

"लांबून कोन पोट पाहाते? काळं दिसते ते दिसते. शुभकार्यात काळं आननं बरं नाही."

रुपालीनं मोबाइलमधला पक्षी दाखवला, निवृत्तीनं वारा घालता घालता शपथ घेतली, तेव्हा कुठं त्या थोड्या नरमल्या. शालिग्रामनं पत्रिका उघडून आत सुंदर वळणदार अक्षरात लिहायला घेतलं.

"आत जास्त काही लिहू नका बाबा," रुपाली म्हणाली. "फक्त 'मामा, या' एवढं लिवा. चुकीचं नाव काढू नका."

"वा! माफी मागाची नाही तं पत्रिका कायले पाठवाची?" सत्यभामाबाई कडाडल्या. "चांगलं स्पष्ट लिवा. काय चुकलं तेबी लिवा. नाहीतं तो म्हनंल, गोलमाल करून राह्यले."

शालिग्रामचं अक्षर चांगलं होतं आणि त्याला ते दाखवायला जागा हवी होती. त्यानं लिहिलं, 'ती. उकंडरावजी यांसी सा. न. वि. वि. छापील पत्रिकेत आपले नाव अनवधानाने किलबिलीत, लहान मुलांमध्ये गेले. या अक्षम्य चुकीबद्दल क्षमा असावी. आपल्याशिवाय भाचीचे पाऊल मांडवात पडणार नाही.' 'अक्षम्य' मधला 'क्ष' तर असा काढला की तो एकटाच चौकटीत लावावा.

शाई वाळवत ठेवून तो चहा प्यायला गेला. परत आला तर सत्यभामाबाई पाटापाशी बसलेल्या आणि त्यांची दोन बोटं ओली.

"हळद-कुंकू लावलं," त्या म्हणाल्या. "त्याबिगर पत्रिका घराबाहेर जात असते काय?"

कुंकू कोपऱ्यात नीट बसलं होतं. हळदीचा मात्र ओघळ निघाला होता, आणि तो सरळ खाली येऊन दयाळाच्या पांढऱ्या पोटात जिरला होता. शालिग्राम ब्रश घेऊन धावला. पाणी लावून पुसावं तर हळद आणखी पसरली. शेवटी छातीपासून शेपटीपर्यंत पोट सारखं पिवळं झालं, तेव्हा हळदही थांबली आणि तोही.

"छान दिसते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता कावळा वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको बीबीला निघाले. पत्रिका चुरगळू नये म्हणून दोन स्टीलच्या थाळ्या तोंडाला तोंड लावून त्यात ठेवली आणि थाळ्या उपरण्यात बांधल्या. चिखलीच्या पुढं एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय काका गाठोड्यात?"

"पक्षी हाय," शालिग्राम नको इतक्या अभिमानानं म्हणाला.

"पक्ष्याचं तिकीट लागंल."

"चित्रातला हाय दादा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मंग हाफ," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला. त्याचं तिकीट खरंच काढायचं की काय, या काळजीत शालिग्रामचा मेहकरपर्यंतचा रस्ता गेला.

बीबीला पोचेपर्यंत दोघांनी ठरवलं होतं. दारातच पाया धरायचे. जावई असलो तरी धरायचे. शालिग्रामनं चपला गल्लीच्या तोंडाशीच काढून हातात घेतल्या.

उकंडराव ओट्यावर बाजेवर बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशांना तेल. शालिग्राम वाकणार, एवढ्यात ते उठून उभेच राहिले.

"या या, जवाईबुवा! अशे अचानक? आन् चपला हातात काऊन? चटका बसून राह्यला आसंल ना! सत्यभामे, ये बापा! अवं, पानी आना कोनी!" आणि ते हसले. तोंडभर नवेकोरे दात चमकले. "हे पाहा. भाचीच्या लग्नासाठी बसवले. पोरगीले मांडवात नेतानी फोटोत बोळकं कायले? निवृत्ती आला त्या दिशी डाक्टरनं जुने सगळे काढले होते. बोलाची सोयच नव्हती, मुंडी हालवली बिचाऱ्यापुढं."

"आन् फोन?" शालिग्रामनं चपला खाली ठेवत विचारलं.

"फोन म्हशीच्या हौदात गेला. म्हशीनं गिळला बहुतेक, दोन दिस नुसती थरथरून राह्यली होती."

"आन् पत्रिका? वाचली काय?"

"वाचाची कायले? गनपती पाह्यला, तारीख पाह्यली, देवापाशी ठेवली. काऊन? काही चुकलं काय?"

"नाही नाही! काय चुकते?" शालिग्राम आणि सत्यभामाबाई एका तोंडानं म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य.

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. माणूस रुसलेला नाही, दात घालून तयार बसलाय, आता चहा प्यायचा, गाठोडं न सोडता उठायचं, आणि पुन्हा या विषयावर जन्मात बोलायचं नाही. त्यांनी थाळ्या हळूच पदराआड सरकवल्या. तेवढ्यात मामी पाणी घेऊन आल्या.

"थाळ्यायमंदी काय आनलं बाई?"

"काही नाही वो वहिनी. शिळ्या पोळ्या हाय. वाटेत खाले घेतल्या होत्या."

शालिग्रामनं थाळ्यांकडे पाहिलं. ज्या पक्ष्यासाठी त्यानं वैशाखातला कूलर बंद केला, ज्याचा पांढरा पट्टा पोटच्या पोरासारखा सांभाळला, तो शिळी पोळी? त्याला कळत होतं की गप्प बसावं. अगदी नीट कळत होतं. आणि तरी त्याचं तोंड उघडलं.

"पोळ्या नाही. चित्र हाय," तो म्हणाला. "म्या काढलेलं."

सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले.

थाळ्या सुटल्या. शालिग्रामनं पत्रिका दोन्ही हातांनी धरली आणि उघडू नये म्हणून कडेवर अंगठा घट्ट दाबला. उकंडरावांनी पाहिलं. डोळे बारीक केले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या.

"अरे बाप्पा! हा तं माहा गवई! हाच! असाच गळा फुगवते तो पहाटेचा! अहो, कोन हाय तिकडे? तुळशीराम! गोपाल! या रे, पाहा रे, माह्या जवाईनं काय काढलं!" शेजारच्या ओट्यावरून 'आलो आलो' असा आवाज आला. "आतमंदी काय हाय?"

"आत काही नाही. कोरं हाय."

"कोरं कसं? अंगठा तं काढा."

"अंगठ्याले रंग चिकटला."

उकंडरावांनी जावयाचा अंगठा असा उचलला जसा गोगलगायीला पानावरून उचलतात. वाचलं. पुन्हा वाचलं. मग आत गेले, देवापासून छापील पत्रिका आणली, आणि तळापर्यंत वाचली. परी आणि पिंट्याच्या मधल्या जागेवर त्यांचं बोट थांबलं.

टोपी काढून त्यांनी खुंटीला अडकवली. बाज उचलून तिचं तोंड भिंतीकडे केलं. बसले. आणि तोंडातले दात काढून पाण्याच्या तांब्यात टाकले.

"दादा!" सत्यभामाबाई रडू लागल्या.

"अता आपलं काम नाही तिथं," उकंडराव भिंतीला म्हणाले. "दात कायले पाह्यजे मले? पिंट्याले तरी कुठी हाय दात?"

तेवढ्यात तुळशीराम आणि गोपाल येऊन पोचले. दोघंही उकंडरावांच्या रोजच्या बैठकीतले.

"काय झालं हो पाटील? भिताडाकडे तोंड काऊन?"

इथं उकंडराव अडकले. रुसणं ही एकट्यानं करायची गोष्ट नाही. त्याला माणसं लागतात, आणि माणसांना कारण लागतं. टेम्पोच्या टपावरून त्यांनी टोपीचं कारण साऱ्या वऱ्हाडाला ओरडून सांगितलं होतं, म्हणून तर ते रुसणं गाजलं. हे कारण कसं सांगायचं? गावात छापील पत्रिका घरोघर पोचल्या होत्या आणि सुदैवानं एकाही माणसानं किलबिल वाचली नव्हती. आता हे रुसले तर सगळी बीबी चष्मे घालून तळ वाचणार, आणि उद्यापासून चौकात पोरंसोरंसुद्धा 'चिरंजीव आले, चिरंजीव आले' म्हणून ओरडणार.

बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले. भिंतीनं काही सुचवलं नाही. मग त्यांनी तांब्यातून दात काढले, झटकले, बसवले आणि बाज वळवली.

"काही नाही रे," ते म्हणाले. "जवाईबुवानं माह्यासाठी हातानं पत्रिका केली. अशी पत्रिका साऱ्या तालुक्यात कोनाले आली नाही. डोळ्यात पानी आलं, म्हनून तिकडे तोंड केलं." आणि पत्रिका त्यांनी दोघांसमोर धरली, कडेवर आपला अंगठा घट्ट दाबून.

तुळशीराम आणि गोपाल वा वा करून गेले. उकंडराव खालच्या आवाजात म्हणाले, "येतो मी लग्नाले. पन ही गोठ आपल्या या भिताडांबाहेर जाऊ देऊ नका."

सत्यभामाबाईंनी भावाच्या पायावर डोकं ठेवलं. शालिग्रामनं एवढा मोठा श्वास सोडला की ओट्यावरच्या वाळत घातलेल्या कुरड्या हलल्या. सगळं तिथंच संपायचं. पण गिळलेलं रुसणं माणसाच्या पोटात राहत नाही, कुठूनतरी बाहेर येतं. उकंडरावांनी पुन्हा चित्र हातात घेतलं.

"फक्त एक गोठ सांगू काय जवाईबुवा? पोट पिवळं काऊन केलं? माह्या गवयाचं पोट दुधासारखं हाय."

"ते हळद..."

"आन् शेपटी थोडी जास्तच झाली. आन् हा डोळा! जसं काय त्यानं कोनाची उधारी बुडवली. नाही, चांगलं हाय. हौशी मानसानं काढलं म्हनल्यावर चांगलंच हाय. श्रेनी कोनती होती म्हने तुमची? क ना?"

शालिग्राम उभा राहिला. त्यानं चपला घातल्या, अंगण ओलांडलं आणि गोठ्याजवळ कडब्याच्या पेंढीवर जाऊन बसला, घराकडे पाठ करून.

"जेवाले चला," मामी म्हणाल्या.

"भूक नाही."

"अहो, रस काढला आंब्याचा."

"मले रस चालत नाही," ज्यानं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं तो शालिग्राम म्हणाला. त्याला स्वतःलाच आवाज ओळखू आला नाही. तो जावयाचा आवाज होता.

उकंडराव हादरले. त्यांच्या आयुष्यात त्यांना अनेकांनी समजावलं होतं, पण त्यांच्यावर कुणाला समजावायची पाळी कधी आली नव्हती. जावई उपाशी उठून गेला तर बीबीची लाज जाणार होती. ते कडब्याच्या पेंढीपाशी आले. "मी गमतीनं म्हनलं," ते म्हणाले. शालिग्राम म्हशीकडे बघत राहिला. "पिवळंच असते. आता आठवलं मले. वैशाखात पिवळं होते त्याचं पोट." शालिग्रामनं मान वळवली नाही. "आन् शेपटी तं तशीच पाह्यजे, मोठ्या गवयाची हाय ती." मामींनी भजी तळली, कुरड्या तळल्या, पुरण घातलं. शालिग्रामला वास येत होता आणि पोटात खड्डा पडला होता, तरी तो उठेना. इतकी वर्षं लोक रुसतात ते का, हे त्याला आज कळत होतं. कडब्याची पेंढी सिंहासनासारखी मऊ लागत होती. मेहकरकडे जाणारी शेवटची एसटी वेशीवर भोंगा वाजवून निघून गेली, तेव्हा तर त्याला फार बरं वाटलं.

"गाडी गेली," उकंडराव घाबरून म्हणाले. "जवाईबुवा, तुमी जेवा फक्त. मी सोता जीपनं सोडतो तुमाले. घरापर्यंत. देवाशप्पथ."

शालिग्रामनं आणखी एक आग्रह होऊ दिला आणि मग उठला. त्यानं रसाच्या इतक्या वाट्या रिचवल्या की मामींना शेजारून आंबे आणावे लागले.

उकंडराव बोलले तसं वागले. जीप काढली, बहिणीला आणि जावयाला बसवलं, मागं आपली पेटी, वळकटी आणि फेट्याचा डबा टाकला. लग्नाला अजून आठवडा होता, पण जाणं-येणं दोनदा कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सकाळी देऊळघाटात सत्यभामाबाई अंगणात आल्या तर उकंडराव त्यांच्या आधी उठलेले. मांडववाल्याला त्यांनी मांडवाचं तोंड फिरवायला लावलं होतं आणि खांबांचे खड्डे पुन्हा खणले जात होते. आचाऱ्याला फोन करून त्यांनी वरण-बट्टी रद्द केली होती, मग पुन्हा चालू केली होती. निवृत्तीला पहाटे पहाटे वाजंत्री बदलायला पिटाळलं होतं. रुपाली एका कोपऱ्यात उभी होती आणि मामा तिला मांडवात कसं चालायचं ते चालून दाखवत होते. वांग्यांना पाणी कसं द्यायचं तेही ते शालिग्रामला सांगणार होते, पण शालिग्राम आधीच वावराच्या पार टोकाला जाऊन वाकून उभा होता.

सत्यभामाबाई बांधावरून चालत त्याच्यापर्यंत गेल्या. इकडंतिकडं बघून घेतलं.

"काहो," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाच्या दिशी परत आनता येईल त्याले. तवर जरासा रुसवता येईल काय?"

शालिग्रामनं पाट तसाच वाहू दिला आणि विचार करायला बांधावर बसला.